महाधमनीतला ग्राफ्ट आणि वर्षानुवर्षांचा फॉलोअप

पोटातल्या महाधमनीला आलेला फुगवटा, म्हणजे एन्युरिझम, जांघेतून ग्राफ्ट, म्हणजे तारांच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी, बसवून दुरुस्त केला की रुग्ण सहसा दोन-तीन दिवसांत घरी जातो. मग पुढे वर्षानुवर्षं तपासणीला कशासाठी बोलावतात?

१९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी पोट उघडून फुगलेला भाग काढला आणि तिथे मृत दात्याची धमनी जोडली. पुढे दात्याच्या धमनीची जागा कृत्रिम कापडी नळीने घेतली. ऑपरेशन मोठं, धोकाही मोठा. पण त्यातून जो सावरला, त्याच्यामागे या दुखण्याचा ससेमिरा सहसा राहत नसे. १९९० मध्ये ब्युनोस आयर्सला हुआन पारोदी यांनी जांघेतल्या धमनीतून ग्राफ्ट वर सरकवला आणि हे गणितच बदललं. (छातीतल्या महाधमनीत असा ग्राफ्ट खार्किवचे निकोलाय वोलोदोस यांनी १९८७ मध्येच बसवला होता, त्याचं श्रेय त्यांना फार उशिरा मिळालं.) आता फुगवटा जागच्या जागीच राहत होता. रक्ताला फक्त आतून वेगळी वाट मिळाली होती.

ती वाट गळू शकते, हे लवकरच कळलं. सुरुवातीचे ग्राफ्ट खाली घसरत, तारा तुटत, कापड फाटे. ग्राफ्टबाहेर फुगवट्यात रक्त शिरण्याला ‘एंडोलीक’ हे नाव नव्वदच्या दशकात पडलं. ग्राफ्टच्या टोकाशी किंवा त्याच्या तुकड्यांच्या सांध्यातून होणारी गळती पूर्ण दाबाची, म्हणून ती थांबवावीच लागते. कमरेकडच्या बारीक धमन्यांतून उलटं येणारं रक्त मात्र बऱ्याचदा आपोआप थांबतं. तिथे फुगवटा वाढतो का, एवढंच पाहतात. ५ मिलिमीटरची वाढही दखल घेण्याजोगी मानतात.

पहिल्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दर वर्षी कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलेलं औषध) देऊन सीटी, हे वेळापत्रक मुख्यतः ग्राफ्टच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून आलं. त्यात किरणोत्सर्ग साचत जातो आणि कॉन्ट्रास्टचा भार मूत्रपिंडांवर पडतो. पण तपासणीच सैल सोडणंही परवडणारं नव्हतं. या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या ब्रिटनच्या ‘एव्हार-१’ चाचणीत पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू उघड्या ऑपरेशननंतर ४.७ टक्के, तर ग्राफ्टनंतर १.७ टक्के होते. २०१६ मध्ये तिचे दीर्घकालीन निष्कर्ष आले, तेव्हा आठ वर्षांपुढे पारडं फिरलेलं, म्हणजे ग्राफ्टवाल्यांत मृत्यू जास्त, असं दिसलं. ग्राफ्ट असूनही फुगवटा पुढे फुटणं, हे त्यामागचं मोठं कारण. माझ्या मते ग्राफ्टच्या पहिल्या यशाइतकाच हा निकालही रुग्णाला ऑपरेशनआधीच सांगायला हवा.

अलीकडची पद्धत मधली आहे. २०१८ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या महिन्यात कॉन्ट्रास्ट सीटी होते. त्यात गळती वा वाढ नसेल, तर बाराव्या महिन्यात सीटी किंवा डॉप्लर सोनोग्राफी (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), आणि पुढे दर वर्षी डॉप्लरही चालते. पण ग्राफ्ट घसरलाय का, तार तुटलीय का, हे डॉप्लरवर नीट कळत नाही. म्हणून दर पाच वर्षांनी पूर्ण महाधमनीचा विनाकॉन्ट्रास्ट सीटी करायला सांगतात.