औषध-आदेशांची संगणकीय नोंद (खानदेशातील रुग्णालये)

रुग्णाला कोणते औषध, किती, कोणत्या मार्गाने, किती वेळा आणि किती दिवस द्यायचे हा डॉक्टरचा निर्णय केस पेपरवर हाताने न लिहिता रुग्णालयाच्या संगणक प्रणालीतील ठरलेल्या रकान्यांत भरणे, म्हणजे औषध-आदेशाची संगणकीय नोंद. वॉर्डात एवढे लांब नाव कुणी घेत नाही. ‘ऑर्डर टाकली का?’ एवढेच विचारतात. ऑर्डर पक्की केली की ती एकाच वेळी औषध भांडारात फार्मासिस्टकडे आणि वॉर्डात सिस्टरच्या ट्रीटमेंट शीटवर उमटते. दिलेल्या प्रत्येक डोसची वेळ व देणाऱ्याचे नाव त्याच ओळीपुढे चढते.

भारतात इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. सरकारी रुग्णालयांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-हॉस्पिटल’ आणि सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची ‘ई-सुश्रुत’ या प्रणाली देशभर ओळखीच्या आहेत. औषधसाठ्याचा हिशेब राज्यात ‘ई-औषधी’वर चालतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालये असून त्यांच्याभोवती उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांचे जाळे आहे. खासगी रुग्णालयांत पुष्कळदा बिलिंगच्या सॉफ्टवेअरलाच ऑर्डरचे पान जोडलेले असते. अशा ठिकाणी औषधाची यादी दुकानाच्या हिशेबाने बनलेली असते, उपचाराच्या नव्हे. मग ‘१’ म्हणजे एक गोळी की एक स्ट्रिप, इथपासून गोंधळ सुरू होतो.

आदेश कुठे टाकला जातो

राउंडवर सर तोंडी सांगतात, हाऊसमन (निवासी डॉक्टर) कागदावर लिहितो आणि दुपारी इंटर्न तो कागद संगणकावर चढवतो, ही पद्धत अनेक वॉर्डांत रूढ आहे. या पद्धतीत हस्ताक्षराची चूक तशीच राहते आणि तिच्यात टंकनाची चूक भर घालते. प्रणालीने दिलेली धोक्याची सूचनाही निर्णय घेणाऱ्याला न दिसता नकलणाऱ्याला दिसते, आणि ती मोडून काढण्याचा अधिकार किंवा अनुभव त्याच्याकडे नसतो. त्यात लॉगिन हाऊसमनचे, टाकणारा इंटर्न; म्हणजे ऑर्डरखालचे नावही खोटे. उपाय महागडा नाही. चाकाच्या स्टँडवर लॅपटॉप किंवा टॅब खाटेपर्यंत नेऊन ऑर्डर तिथेच टाकायची. फोनवरून तोंडी ऑर्डर घ्यावीच लागली तर ऐकणाऱ्याने औषधाचे नाव व आकडा परत वाचून दाखवायचा, ऑर्डर ‘तोंडी’ अशी खूण करून टाकायची आणि डॉक्टरने आल्यावर ती स्वतःच्या लॉगिनमधून मान्य करायची.

रुग्ण निवडताना

पहिली चूक औषधाच्या आधी, रुग्ण निवडतानाच होते. नंदुरबारच्या वॉर्डात एकाच दिवशी चार पाडवी, तीन वसावे आणि दोन वळवी भरती असणे नवलाचे नाही. शहादा-धडगावकडे पावरा, जळगाव-धुळ्याकडे पाटील, महाजन आणि चौधरी. पहिले नावही पुष्कळदा जुळते. म्हणून आडनाव टाकून यादीतून निवडणे इथे विशेष धोक्याचे. आयपीडी (भरती) क्रमांक, वय किंवा आरोग्य खात्याचा १४ अंकी आभा क्रमांक, यांपैकी दोन खुणा जुळल्याशिवाय पान उघडू नये. खाट क्रमांक ही ओळख नव्हे; संध्याकाळी खाटा बदलतात.

आदेशाचे रकाने

औषध जेनेरिक नावाने, म्हणजे कंपनीच्या नव्हे तर मूळ औषधाच्या नावाने, शोधायचे. पहिली दोन-तीन इंग्रजी अक्षरे टाकून खाली येणाऱ्या यादीतून निवडणे हे सोयीचे आणि तितकेच घातक: डोपामाइन व डोब्युटामाइन, अम्लोडिपिन व अमिओडॅरोन, हायड्रॅलझिन व हायड्रॉक्सिझिन ही नावे एकाखाली एक येतात. किमान पाच अक्षरे टाकल्याशिवाय यादी उघडू नये असे प्रणालीत ठरवून घेता येते.

त्यापुढे मात्रा व एकक. १०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिनऐवजी १०० मिलिग्रॅम निवडले गेले तर डोसमर्यादा भरलेली प्रणाली ते अडवते, न भरलेली मुकाट्याने स्वीकारते. ‘५.०’ असे लिहू नये, टिंब नजरेआड झाले की ५० होतात, उलट ‘.५’ न लिहिता ‘०.५’ लिहावे. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा, कारण त्याचे इंग्रजी आद्याक्षर शून्यासारखे दिसते.

इन्सुलिनला वेगळे सांगावे लागते. आपल्याकडे व्हायल बहुधा ४० युनिट प्रति मिलीची, पेन व काही व्हायल १०० युनिटच्या. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. ४० च्या व्हायलमधून नारिंगी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले तर रुग्णाला प्रत्यक्षात ८ युनिट मिळतात. १०० च्या व्हायलमधून लाल सिरिंजने ओढले तर ५०. म्हणून ऑर्डरमध्ये युनिटांबरोबर व्हायलची ताकदही उमटली पाहिजे. पुष्कळ प्रणालींत ती फक्त भांडाराच्या पानावर दिसते, सिस्टरच्या शीटवर नाही.

मार्गाचा रकाना रिकामा सोडता येऊ नये. पोटॅशियम क्लोराइडचा १५ टक्क्यांचा १० मिलीचा ॲम्प्यूल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट. तो थेट शिरेत गेला तर हृदय थांबते. त्यामुळे त्याची ऑर्डर ‘सलाईनमध्ये मिसळून, ताशी इतके’ या साच्यातूनच जावी, नुसत्या ‘शिरेतून’ या पर्यायातून नव्हे.

ॲलर्जीच्या रकान्यात ‘नाही’ आणि ‘विचारले नाही’ हे दोन पर्याय वेगळे हवेत. एकच असेल तर घाईत सगळ्यांना ‘नाही’ लागते आणि पुढच्या खेपेला ती नोंद खरी मानली जाते.

वेळ

ओडी, बीडी, टीडीएस (दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा) हे पर्याय निवडले की प्रणाली त्यांना ठरलेल्या घड्याळात बसवते. बीडी म्हणजे सकाळी ८ आणि रात्री ८ असे ठरले असेल आणि ऑर्डर सकाळी ११ ला पडली, तर प्रतिजैविकाचा पहिला डोस रात्री ८ ला दिसतो. नऊ तास वाया. ‘पहिला डोस आत्ता’ ही खूण विसरल्यामुळे होणारा हा उशीर फार सर्रास आढळतो. तो टाळायला काही जण एक स्टॅट (ताबडतोब द्यायची) ऑर्डर आणि एक नियमित ऑर्डर अशा दोन टाकतात. मग संध्याकाळच्या पाळीची सिस्टर दोन्ही देते.

आठवड्यातून एकदाची औषधे याहून जोखमीची. संधिवाताला मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा असते. यादीत वरच असलेले ‘ओडी’ निवडले गेले तर काही दिवसांत तोंड येते आणि रक्तपेशी कोसळतात. या औषधाला रोजचा पर्यायच बंद ठेवून वाराचे नाव सक्तीचे करावे.

पॅरासिटामॉल दोन वाटांनी घुसते: शिरेतून १ ग्रॅमची बाटली आणि वेदनाशामकाच्या संयुक्त गोळीत आणखी. प्रणाली घटकाच्या नावाने जोडणी करत नसेल तर प्रौढाची दिवसाची ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडल्याचे तिला कळत नाही.

वजन

मुलांच्या बाबतीत सगळा हिशेब वजनावर चालतो, आणि सातपुड्याच्या पट्ट्यात वयावरून वजन गृहीत धरणे म्हणजे जाणूनबुजून चूक करणे. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेले अडीच वर्षांचे तीव्र कुपोषित मूल ७.५ किलोचे असू शकते. वयावरून प्रणालीने १२ किलो धरले तर जेंटामायसिन किलोमागे ७.५ मिलिग्रॅमने ९० मिलिग्रॅम निघते. योग्य डोस ५६. म्हणजे त्या मुलाला किलोमागे १२ मिलिग्रॅम गेले. वजनाचा रकाना त्या दिवशीच्या तारखेसह भरल्याशिवाय मुलांची ऑर्डर पुढे जाऊ न देणे हा एकच अडसर खरा उपयोगी. मुलाला कडेवर घेतलेल्या आईला काट्यावर उभे करायचे आणि मग तिचे एकटीचे वजन वजा करायचे, ही जुनी युक्तीही अंदाजापेक्षा बरी.

वजन बरोबर असूनही पातळ औषध फसवते. ९ किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅमने १३५ मिलिग्रॅम. १२० मिलिग्रॅम प्रति ५ मिलीच्या सिरपचे ते ५.६ मिली, २५० च्या सिरपचे २.७ मिली, आणि १०० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या ड्रॉप्सचे जेमतेम १.४ मिली. ऑर्डर नुसती ‘५ मिली’ असेल आणि भांडारातून ड्रॉप्स आले, तर मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातात. मुलांची ऑर्डर मिलिग्रॅममध्येच टाकावी, मिलीचा आकडा प्रणालीने हातातल्या बाटलीवरून काढावा.

सिकलसेलच्या रुग्णांनाही हे लागू पडते. भिल्ल व पावरा समाजात हा आजार आढळतो आणि १ जुलै २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. त्यावरच्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाची नेहमी मिळणारी कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. ती फोडून अर्धी देता येत नाही. लहान मुलाला वजनाप्रमाणे आठवड्याचा हिशेब करून ठराविक वारीच कॅप्सूल देण्याची वेळ येते, आणि वारंवारतेच्या यादीत ‘सोम-बुध-शुक्र’ नसेल तर डॉक्टर ओडी निवडून शेऱ्यात खरे लिहितो. शेरा सिस्टरच्या शीटवर उमटत नाही.

फवारणी आणि सर्पदंश

कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशकाची विषबाधा घेऊन येणाऱ्या रुग्णांपुढे ऑर्डरचे नेहमीचे साचे तोकडे पडतात. ॲट्रोपिन इथे ठरलेल्या डोसाने देतच नाहीत: १.८ ते ३ मिलिग्रॅमने सुरुवात, दर ५ मिनिटांनी दुप्पट, छातीतली घरघर थांबेपर्यंत आणि नाडी-रक्तदाब ठीक होईपर्यंत; मग लागलेल्या एकूण मात्रेच्या १० ते २० टक्के दर तासाला सलाईनमधून. ३, ६, १२, २४ अशा चारच पायऱ्या चढल्या तरी ४५ मिलिग्रॅम होतात, म्हणजे ०.६ मिलिग्रॅमचे ७५ ॲम्प्यूल. प्रणालीत ॲट्रोपिनची मर्यादा मंद नाडीच्या उपचारातली, म्हणजे एकूण ३ मिलिग्रॅमची, बसवलेली असेल तर दुसऱ्याच पायरीला ती लाल सूचना देते, आणि भांडाराकडच्या मागणीचे (इंडेंटचे) पानही एवढ्या नगांना नकार देते. म्हणून ‘विषबाधा – ॲट्रोपिन’ असा वेगळा साचा आधीच बनवून ठेवावा: थांबण्याची लक्षणे लिहिलेला, दर ५ मिनिटांच्या नोंदीची जागा असलेला, आणि ज्याचा साठा भांडाराने नाही तर कॅज्युअल्टीने (तातडीच्या विभागाने) आपल्या कपाटातून आधी वापरून मागून चढवायचा.

सर्पदंशात नेमके उलटे घडते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी प्रतिविष लस सुरुवातीला साधारण १० व्हायल, तासाभरात देतात; प्रत्येक व्हायल १० मिलीत विरघळवून. मुलालाही तितकीच, कारण साप चावताना वजन पाहून विष सोडत नाही. मुलांची प्रत्येक ऑर्डर किलोने भागणारी प्रणाली इथे मात्रा कमी करून देते, तेव्हा या एका औषधापुरता वजनाचा नियम उठवावा लागतो. याच साच्यात ॲड्रेनालिन तयार ठेवण्याची ऑर्डर आणि रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणी बांधून टाकावी. रक्त बिघडवणाऱ्या विषात पुढचा डोस ६ तासांनी त्या चाचणीवरून ठरतो.

सूचनांचा भडिमार

दोन औषधांच्या परस्परक्रियेची प्रत्येक क्षुल्लक सूचना चालू ठेवली की आठवड्याभरात बोट आपोआप ‘पुढे जा’वर पडू लागते, आणि खरी सूचनाही त्याच झटक्यात निघून जाते. मोजक्याच सूचना अडवणाऱ्या ठेवाव्यात: नोंदलेली ॲलर्जी, दहापट डोस, गरोदरपणात वर्ज्य औषध, नवजाताला सेफ्ट्रिॲक्सोन व कॅल्शियम एकत्र. बाकीच्या नुसत्या दिसू द्याव्यात. मोडलेल्या, म्हणजे न जुमानता पुढे गेलेल्या, सूचनांची यादी महिन्याकाठी फार्मासिस्टने काढावी. सगळेच जण मोडतात ती सूचना बहुधा बंद करण्याच्या लायकीची असते.

घरी जाताना

डिस्चार्ज कार्डावर ‘बीडी’ छापून रुग्णाला काही कळत नाही. १-०-१ ही खूण गावोगावी कळते, तरी मधले शून्य दुपारचे की जेवणाचे हे सांगावे लागते. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. गोळी ती ‘गोयी’ आणि डोळा तो ‘डोया’. छापील मजकूर मराठीत असला तरी सांगणारी सिस्टर त्याच बोलीत सांगते तेव्हा ते लक्षात राहते. भरतीच्या काळातल्या ऑर्डरी एका बटणाने डिस्चार्जवर उतरवण्याची सोय मात्र जपून वापरावी, नाहीतर शिरेतून दिलेली इंजेक्शनेही ‘१५ दिवस’ म्हणून छापली जातात.

लाईट गेल्यावर

जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या आसपास असताना लाईट जाणे म्हणजे संगणकाबरोबर फ्रीजचाही प्रश्न. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहिले पाहिजे. प्रणाली बंद पडली की कागदी शीट काढायची, आणि त्यासाठी चालू ऑर्डरींची छापील प्रत दर पाळीला काढून ठेवलेली असावी लागते. खरा घात लाईट आल्यावर होतो. पडद्यावर दुपारी २ चा डोस ‘बाकी’ दिसतो, प्रत्यक्षात तो कागदावर देऊन झालेला असतो, आणि नव्या पाळीची सिस्टर तो पुन्हा देते. म्हणून सुरू झाल्याबरोबर नवी ऑर्डर न टाकता आधी कागदावरचे दिलेले डोस प्रत्यक्ष दिल्याच्या वेळेने चढवायचे, मग कागदावर बदललेल्या ऑर्डरी, आणि तोवर त्या वॉर्डाच्या पडद्यावर ‘नोंद अपुरी’ ही पट्टी तशीच ठेवायची. चढवून झालेल्या कागदावर चढवणाऱ्याने सही व वेळ घालून तो केस पेपरलाच लावायचा असतो.