कूलर, सेंट्रिफ्यूज अन् ब्लीचचं पाणी: गावच्या लॅबची सेफ्टी

साथ आली की डॉक्टर, सिस्टर, आशाताई यांच्याबद्दल बोललं जाते, बोललंच पाहिजे, पण पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) कोपऱ्यातल्या खोलीत रक्त तपासत बसलेल्या टेक्निशियनकडे कोणाचं लक्षच जात नाही. अन् आपल्या विदर्भाला साथी काही नवीन नाहीत, चांदीपुरा व्हायरस १९६५ मध्ये नागपूर भागातच पहिल्यांदा सापडला, २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसचे पेशंट वाढले, तेव्हाही गावखेड्यातलं सॅम्पल आधी अशाच खोल्यांत आलं.

लॅब सेफ्टी म्हटलं की पुण्याच्या एनआयव्हीतला (राष्ट्रीय विषाणू संस्थेतला) हवा भरलेला सूट डोळ्यासमोर येते. तिथं तो लागतेच. गावात धोका दुसरीकडे आहे, सेंट्रिफ्यूजमध्ये. सीरम, म्हणजे रक्तातला वरचा पातळ भाग, वेगळं करायला रक्ताची नळी मिनिटाला हजारो फेरे फिरते अन् आतल्या आत फुटली तर रक्ताचे इतके बारीक थेंब होतात की दिसतही नाहीत, हवेतच तरंगतात. म्हणून फुटल्याचा आवाज आला की झाकण उघडायची घाई करायची नाही. मशीन बंद, दार लावून बाहेर, अर्धा तास थांबायचं, मग एन-९५ अन् जाड ग्लोव्हज घालून काच चिमट्यानं उचलायची, हातानं तर नाहीच नाही.

दुसरं म्हणजे आपला कूलर. मे महिन्यात ४५ डिग्रीत तो बंद करा म्हणणं सोपं नाही, मान्य आहे, पण जिल्ह्याच्या लॅबमध्ये बायोसेफ्टी कॅबिनेटच्या, म्हणजे ज्यात हात घालून सॅम्पल हाताळतात त्या कपाटाच्या, तोंडाशी हवेचा जो पडदा असते तोच आतले जंतू बाहेर येऊ देत नाही, अन् कूलरचा झोत त्याच्यावर आला की तो तुटते. पंख्याचंही तेच. कूलर ठेवायचाच तर दुसऱ्या खोलीत ठेवा.

सांडलेल्या रक्तावर १ टक्का हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं पाणी, टाकतात, बाटली ५ टक्क्याची असली तर एक भाग औषध अन् चार भाग पाणी. पण ऊन अन् गरमीनं त्यातला क्लोरीन उडून जाते, म्हणून रोज सकाळी ताजं बनवायचं, बाटली सावलीत ठेवायची. टॉयलेट साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये मात्र हे चुकूनही मिसळू नका, विषारी गॅस निघते.

अन् काम झाल्यावर ग्लोव्हज आधी काढायचे, मास्क सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर आल्यावर, अन् मग साबणानं हात धुवायचे.