डोंगा (पूर्व विदर्भातली घरगुती नाव)

डोंगा म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत वैनगंगेवर आणि मामा तलावांवर (माजी मालगुजारी तलाव) चालणारी छोटी लाकडी नाव. मासेमारी, शिंगाडे काढणं, नदीपलीकडच्या शेतात जाणं, ही तिची कामं. वापरणारे मुख्यतः ढिवर आणि केवट. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या ग्रंथात ढिमर (म्हणजे ढिवरच) आणि केवट हे नावाडी-मासेमार म्हणून आलेले आहेत.

शब्द कुठून आला यावर एकमत नाही. एक मत संस्कृत 'द्रोण', 'द्रोणी' म्हणजे लाकडी कुंड किंवा पन्हळ याकडे बोट दाखवतं, मराठी डोण, डोणी त्यातूनच आले असं मानतात. पण 'द्रोणी'तून 'डोंगा'तला 'ंग' सरळ निघत नाही, म्हणून काही अभ्यासक 'डोंग' असं वेगळंच मूळ धरतात. कन्नड 'दोणि' आणि तमिळ 'तोणि' जवळच उभे असल्याने द्राविडी बाजूही अगदी सोडता येत नाही. इंग्रजीतली 'डिंगी' मात्र हिंदी-बंगालीतून गेली, त्यात वाद नाही. वेगळं मूळ धरणं जास्त सोयीचं वाटतं, आणि अर्थ तर सगळीकडे एकच, पोकळ केलेलं भांडं. पंगतीत भाजी वाढतात तोही डोंगाच की!

यावरूनच मूळ डोंगा एका बुंध्यातून कोरलेला असावा असं मानतात, कुऱ्हाडीनं पोट काढायचं आणि वाकसानं तासत आतून साफ करायचं. कोरलेल्या डोंग्याला सांधाच नसतो, त्यामुळे गळायचा प्रश्न जवळजवळ नाही, पण तेवढं जाड झाड लागतं आणि निम्म्याहून जास्त लाकूड छिलप्यांत जातं. पुढे जाड झाडं कमी झाली आणि तोडीवर बंधनं आली (महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग, मोह, आंबा सगळे आले) तसं फळ्यांचं काम वाढलं असावं. नाव तेच राहिलं, पण सगळी मेहनत आता सांध्यात गेली.

फळ्यांचा डोंगा साधारण सपाट तळाचा, दोन्ही टोकांना निमुळता. लाकूड जमलं तर साग, कारण तो पाण्यात कमी फुगतो, नाहीतर जे मिळेल ते. बाजूच्या फळ्या ओल्या करून खालून शेकत शेकत वाकवतात, घाई केली की नेमकी टोकाकडेच चीर जाते. मग आतून आडव्या पट्ट्या, खिळे, आणि सांध्यांत कापसाची वात पटाशीच्या बोथट बाजूनं ठोकून वर गरम डांबर. वात फार घट्ट ठोकू नये, कारण पाण्यात गेल्यावर फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही, आणि फुगायला जागाच नसेल तर खिळे उपटते. म्हणून नवा डोंगा पहिल्या दिवशी गळतोच, तो तसाच पाणी भरून दोन-चार दिवस बुडवून ठेवायचा, सांधे आपोआप मिटतात. पहिल्याच दिवशी गळतो म्हणून वाढयाला (सुताराला) शिव्या देणारा माणूस नवखा समजावा.

किती माणसं बसवावी याचा हिशोब सोपा आहे, फक्त कोणी करत नाही. पंधरा फूट लांब, मध्ये अडीच फूट रुंद डोंग्याला टोकं निमुळती धरून पाण्यावर साधारण पंचवीस चौरस फूट तळ मिळतो, म्हणजे सुमारे ५९ किलोला एक इंच. एक माणूस चढला की इंचभर खाली. बुडण्यापेक्षा उलटण्याची भीती जास्त, कारण अरुंद नावेत एकदम दोघं उभे राहिले की तोल गेलाच. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायकांचा डोंगा वैनगंगेत उलटला होता.

पत्र्याचे आणि फायबरचे डोंगेही आता दिसतात.

लाकडी डोंग्याचा खरा वैरी मात्र पाणी नाही, ऊन. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा काठावर उलटा टाकलेला डोंगा पंधरा दिवसांत तडकतो, सांध्यांतून उजेड दिसायला लागतो. त्यामुळे तळ्यात पाणी उरलं असेल तर आत दगड भरून तो तिथेच बुडवतात, नाहीतर झाडाखाली ओलं पोतं टाकून ठेवतात, आणि मृगाच्या आधी पुन्हा डांबर.