परसातील कोंबडीपालन (पठारी महाराष्ट्र)

घराच्या परसात किंवा गोठ्याच्या कडेला पाच-पंचवीस कोंबड्या मोकळ्या सोडून, त्यांच्या चरण्यावर भिस्त ठेवून आणि वरून ज्वारी-बाजरीची मूठ टाकून केलेले पालन. येथे विचार केला आहे तो खानदेश, मराठवाडा, विदर्भ आणि नाशिककडच्या कोरड्या पट्ट्याचा. निफाडला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा काही वर्षी ५ अंशांखाली उतरतो. अकोला, जळगाव, चंद्रपूरकडे मे महिन्यात तो ४५ अंशांच्या आसपास जातो. कोकणातला प्रश्न दमटपणाचा आहे, तो वेगळा.

या हवेत एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. पूर्ण वाढलेली कोंबडी थंडी सोसते, ऊन सोसत नाही; पिल्लाचे नेमके उलट. पाळणारे मात्र बहुधा हिवाळ्यात थोराड कोंबड्यांची चिंता करतात आणि उन्हाळ्यात त्यांना तापलेल्या पत्र्याखाली डांबतात.

कोंबडीच्या शरीराचे तापमान साधारण ४१ अंश सेल्सिअस असते. तिला घाम येत नाही आणि अंगावर पिसांचे जाड पांघरूण, म्हणून उष्णता बाहेर टाकण्यासाठी तिला धापाच टाकाव्या लागतात. वैशाखात दुपारी दोनला खुराड्यात डोकावले तर चोची उघड्या, पंख अंगापासून सुटलेले आणि गळ्याची कातडी थरथरताना दिसते. याच्या पुढची पायरी मान टाकण्याची. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, त्यामुळे कवच तयार व्हायला लागणारा कच्चा माल कमी पडतो. शिवाय कोंबडी दाणाही कमी खाते. उन्हाळी अंड्यांची कवचे पातळ निघतात ती यामुळे. दाण्यात कॅल्शियमसाठी नुसता शिंपल्यांचा चुरा वाढवून हे सगळे भरून निघत नाही, आधी सावली हवी.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन आत कमी शिरते. पत्रा असेल तर त्यावर कडबा किंवा उसाचे पाचट पसरावे. कडेला ओले गोणपाट टांगणे विदर्भातल्या कोरड्या हवेत फार उपयोगी पडते, पण पावसाळी हवेत त्याने दमटपणा वाढून नुकसानच होते. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत आणि भरपूर असावे. दाणा सकाळी लवकर व ऊन उतरल्यावर टाकावा. बिनपिसांच्या मानेच्या गावठी कोंबड्या इतरांपेक्षा उन्हाळा बऱ्या काढतात.

हिवाळ्यात अंडी कमी होतात त्याचा दोष लोक थंडीला देतात. खरे कारण बव्हंशी लहान दिवस हे असते: अंडी नीट देण्यासाठी कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. पहाटे दिवा लावून ही तूट भरून काढता येते. वाऱ्याच्या बाजूला पोते लावावे, पण वरची फट मोकळी ठेवावी. खुराडे चहूबाजूंनी बंद केले की विष्ठेतला अमोनिया कोंडतो आणि सकाळी कोंबड्या शिंकू लागतात.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती साधारण ३ अंशांनी उतरवतात. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर गारठा आहे, कडेला पळाली तर दिवा फार तापतो आहे, आणि सगळीकडे विखरून टिपत असतील तर ठीक. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी हे काम विनाखर्च करते. दहा-बारा अंड्यांवर २१ दिवस बसून पुढे पिल्लेही सांभाळते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’ या कोंबड्या गावठीपेक्षा बरीच जास्त अंडी देतात, मात्र त्या सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची एक दिवसाची पिल्ले डिसेंबरात आणणाऱ्याने आधी दिवा आणि लोडशेडिंगचे वेळापत्रक, दोन्ही पाहावे.

उबवणीची अंडी उन्हाळ्यात घरात पडून राहिली तर कोंबडी बसण्याआधीच आतला गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. ओलसर वाळूत ठेवलेल्या मडक्यात ती त्यातल्या त्यात टिकतात, तरीही आठवड्याच्या आत बसवलेली बरी.

रोगांत सर्वांत घातक राणीखेत, म्हणजे गावाकडची मानमोडी. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि पुढे सुमारे आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस देतात. लस बर्फातच आणावी लागते. उन्हात राहिलेली कुपी टोचून काही उपयोग नाही. कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि कालवल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून पाच-दहा कोंबड्यांच्या घरांनी मिळून एकाच दिवशी, ऊन चढायच्या आत, सगळ्या वस्तीचे लसीकरण उरकणे सोयीचे पडते.