डाग नाही म्हणजे जॉब जळला नाही?

भोसरी-चाकणच्या मशीन शॉपमध्ये एक समज घट्ट रुजलाय: ग्राइंडिंगनंतर (फिरत्या चाकाने घासून फिनिश केल्यावर) निळा-तपकिरी डाग दिसला नाही, तर जॉब, म्हणजे घासलेला स्टीलचा भाग, उष्णतेने जळलेला नाही. हे साफ चूक आहे. डाग म्हणजे ऑक्साइडचा पातळ पापुद्रा. चाकाच्या शेवटच्या हलक्या पासमध्ये तो निघून जातो. खालचा मऊ पडलेला थर आणि खेचणारा ताण मात्र तसाच राहतो. गिअरचा दात चकचकीत दिसतो, आणि पुढे तिथूनच तडा जातो.

बार्कहाउझेन तपासणी, म्हणजे स्टीलच्या चुंबकीय सिग्नलवरून केलेली चाचणी, हेच लपलेलं नुकसान पकडते. प्रोब दातावर टेकवून बदलतं चुंबकीय क्षेत्र दिलं की मऊ, ताणलेल्या जागी सिग्नल वाढतो. पण जास्त तापून पुन्हा कडक झालेल्या जागी तो उलट घसरतो! त्यामुळे ‘रीडिंग कमी, म्हणजे ओके’ हेही खरं नाही. त्याच स्टीलच्या, खात्रीच्या चांगल्या जॉबचं रीडिंग शेजारी हवंच.