फक्त रात्रीपुरतं थांबायचंय? येण्याआधी एवढं वाचा

मुंबई–गोवा महामार्गानं मोटारहोम किंवा कॅम्परव्हॅन (आतच राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) घेऊन जाणारी मंडळी फोनवर हमखास विचारतात, "रात्री येणार, उजाडलं की निघणार, मग पूर्ण दिवसाचं भाडं कशाला?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच लांज्याजवळच्या आमच्या आवारात 'रात्रथांबा' आहे. संध्याकाळी 6 नंतर या, सकाळी 9 पर्यंत निघा. दिवसाच्या 1,200 ऐवजी 700 रुपये.

निम्मे का नाहीत? रात्रीचा राखणदार, आवारातले दिवे, पहाटेची साफसफाई यांचा खर्च तुम्ही किती तास राहता यावर ठरत नाही. वाचतं ते दिवसाचं पाणी आणि अडणारी जागा. तेवढी सूट आम्ही मनापासून देतो. एसी लावायचा असेल तर 16 अँपिअरचा पॉइंट आहे, वीज मीटरप्रमाणे.

खरा खोळंबा होतो सकाळी साडेआठला. गाडी निघायच्या बेतात असते आणि तेव्हा आठवतं, टॉयलेटची कॅसेट (गाडीतल्या संडासाचा मैला साठणारी, बाहेर काढता येणारी टाकी) रिकामी करायची राहिली! ओतायची जागा एकच, मागे रांग लागते. मग घाईघाईत कुणीतरी ती साध्या संडासात ओततं. कृपा करून हे अजिबात करू नका. कॅसेटमधल्या निळ्या औषधात बहुधा जंतुनाशक असतं. सेप्टिक टँकमध्ये मैला कुजवणारे जिवाणू त्यानं मरतात आणि टाकी तुंबते. शिवाय आमची जमीन जांभ्याची. पाणी भराभर झिरपतं आणि वाडीच्या विहिरी उतारालाच आहेत. त्या पाण्याशी आम्ही खेळणार नाही. म्हणून कॅसेटसाठी वेगळी बंद टाकी बांधली आहे. ती उपसायला गाडी मागवावी लागते, त्याचे 150 रुपये वेगळे घेतो.

सोपा उपाय : आल्या आल्याच कॅसेट रिकामी करा. तेव्हा गर्दी नसते, आमचा माणूस मदतीला असतो. फॉर्माल्डिहाइड (जिवाणू मारणारं एक रसायन) नसलेलं कॅसेटचं औषध ऑफिसात विकत मिळतं. पुढच्या प्रवासालाही तेच वापरा.

सकाळी पाय निघत नसेल तर 9 च्या आत सांगा, वरचे 500 भरले की पूर्ण दिवस तुमचा. घावणे-चटणी 7 पासून मिळते, मात्र रात्रीच सांगून ठेवा.

नाताळ ते 1 जानेवारी रात्रथांबा बंद असतो. त्या दिवसांत चार-चार दिवस राहणाऱ्या कुटुंबांना आधी जागा देतो.