कावड कुणाची?

झू देचं छोटेखानी चरित्र हातात घेतलं की पहिल्याच वाक्यात पदव्यांची रांग लागते: महान मार्क्सवादी, महान क्रांतिकारक, मुत्सद्दी, सेनानी, लाल सेनेच्या संस्थापकांपैकी एक. आपल्याकडच्या जुन्या पेपरांत हाच माणूस 'चू तेह' म्हणून छापला जायचा. पंधरा-वीस पानांत नव्वद वर्षं बसवायची म्हणजे काटछाट होणारच. पण चिनी कम्युनिस्ट नेत्यांच्या चरित्रांत ती काटछाट फक्त पानं कमी पडली म्हणून होत नाही. कुठली ओळ ठेवायची, कुठली गाळायची, 'महान' लिहायचं की 'थोर' की नुसतं 'निष्ठावान', हे वरून ठरून येतं. तिथे विशेषणांनाही लष्करासारखी पायरी असते. म्हणून असं चरित्र वाचायला घेण्याआधी ते लिहिलं कसं जातं, हे थोडं माहीत असलेलं बरं.

कावडीपासून सुरुवात करतो. 1928 च्या हिवाळ्यात लाल सेना जिंगगांग पर्वतात अडकलेली. वर डोंगरावर अन्न नाही, धान्य खालच्या गावांतून खांद्यावर वाहून आणायचं. बेचाळिशीचा सेनापती झू दे इतर शिपायांबरोबर कावड घेऊन चढउतार करायचा. पोरांना वाईट वाटलं, त्यांनी त्याची कावड लपवून ठेवली. त्याने नवा बांबू तोडला, तासून कावड केली आणि तिच्यावर लिहिलं की ही झू देची कावड आहे, कुणी हात लावू नये. गोष्ट एवढीच. पण ती चीनच्या शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवली जाते, आणि जिंगगांगच्या संग्रहालयात कावडही मांडलेली असते.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ही कावड लिन बिआओची झाली. 1928 मध्ये लिन बिआओ जेमतेम विशीतला कनिष्ठ अधिकारी होता. पण 1966 नंतर तो माओचा वारस ठरला, आणि वारसाला साजेसा भूतकाळ हवा. मग धड्यातलं नाव बदललं, संग्रहालयातली पाटी बदलली, माओ आणि झू दे यांच्या भेटीच्या चित्रात झू देच्या जागी लिन येऊन उभा राहिला. 13 सप्टेंबर 1971 ला लिन बिआओ पळून जाताना मंगोलियात विमान कोसळून मेला आणि कावड पुन्हा मूळ मालकाकडे आली. बांबू तोच, मालक दोनदा बदलला.

हा प्रकार एकट्या माओच्या डोक्यातून निघालेला नाही. चीनमध्ये राज्यकर्त्यांनी आधीच्यांचा इतिहास लिहवून घ्यायची रीत दोन हजार वर्षांची. सिमा च्येनने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात माणसांची चरित्रं एकापुढे एक मांडून इतिहास लिहिला. पुढे प्रत्येक घराण्याने मागच्या घराण्याचा तसाच ग्रंथ करवून घेतला, कोण सज्जन आणि कोण दगाबाज हे ठरवून. कम्युनिस्टांनी त्यात सोव्हिएत रशियाकडून आणलेली एक सवय मिसळली. पक्षात येणाऱ्याने आपलं आत्मचरित्र लिहून द्यायचं: बाप कोण, जमीन किती, कुणाकुणाशी ओळख, कधी अटक झाली, सुटलात कसे. 1942 ते 44 दरम्यान येनान या कम्युनिस्टांच्या तळावरच्या शुद्धीकरण मोहिमेत लोकांना हे पुन्हा पुन्हा लिहायला लावत आणि मागच्या खेपेशी ताडून पाहत. एखादी तारीख चुकली तरी माणूस अडचणीत. तो कागद मग त्याच्या फायलीत जन्मभर राहायचा. छापील चरित्र निघतं ते बरंचसं या फायलीच्या पोटातून.

आता मूळ माणसाकडे येऊ. झू दे 1 डिसेंबर 1886 ला सिचुआनच्या यीलोंग तालुक्यात एका कुळाच्या घरी जन्मला. जमीनदाराला गावात यमराज म्हणत. 1895 च्या वर्षअखेरीस, नववर्षाच्या तोंडावर, जमीनदाराने खंड वाढवला आणि झेपत नसेल तर जमीन सोडा म्हणून सांगितलं. कुटुंबाचे दोन तुकडे झाले. झू दे तेव्हा नऊ वर्षांचा.

या काळाबद्दल सगळ्यात खरं लिहिलंय ते त्यानेच. 1944 च्या फेब्रुवारीत आई वारल्यावर त्याने तिच्यावर छोटा लेख लिहिला. आईला स्वतःचं नाव असं नव्हतंच, ती माहेरच्या आडनावाने 'चुंग' म्हणून ओळखली जायची. तिला तेरा मुलं झाली, आठ जगवली. बाकीची पोसणं शक्य नव्हतं म्हणून जन्मल्यावर बुडवून टाकावी लागली, असं तो सरळ लिहितो. लाखोंच्या सैन्याचा सरसेनापती पेपरात हे छापतो, आणि ते पुढे शाळेच्या पुस्तकात जातं. या एका वाक्यासाठी मी त्याच्या पदव्यांची सगळी रांग सोडून द्यायला तयार आहे.

घरातल्या सगळ्यांनी पोटाला चिमटा काढून एकाला शिकवायचं ठरवलं, तो हा. त्याने जुन्या धाटणीची सरकारी परीक्षा दिली, मग व्यायामशिक्षक झाला, आणि 1909 मध्ये कुनमिंगच्या लष्करी शाळेत गेला. 1911 च्या क्रांतीत राजघराणं गेलं तेव्हा तो युन्नानच्या फौजेत होता. 1916 मध्ये युआन शिकाईने स्वतःला सम्राट करून घेतलं त्याविरुद्धच्या लढाईत झू देने नाव कमावलं, ब्रिगेडचा सेनाधिकारी झाला.

इथून पुढची पाच-सहा वर्षं छोट्या चरित्रांत दोन ओळींत संपतात. त्या वर्षांत झू दे ज्याला युद्धसरदार म्हणतात, म्हणजे स्वतःच्या फौजेच्या जोरावर मुलूख धरून बसणारा, तसाच एक होता. दक्षिण सिचुआनमध्ये छावणी, घरं, एकापाठोपाठ एक लग्नं आणि अफू. अफूचं व्यसन जडलं होतं हे अधिकृत चरित्रकार नाकारत नाहीत, पण लवकर पुढे सरकतात. पक्षाला कुळाचा मुलगा हवा असतो, सरदार नको असतो. वाचणाऱ्याला मात्र उलटं वाटेल: गरिबीतून क्रांतीकडे जाणं समजण्यासारखं आहे, पण सत्ता, पैसा आणि अफूची नळी हाताशी असताना छत्तिशीत उठून जाणं हे जरा वेगळंच.

1922 मध्ये तो शांघायला गेला, तिथल्या इस्पितळात राहून अफू सोडली. 1911 च्या क्रांतीचा नेता सुन यत-सेन त्याला भेटला आणि युन्नानच्या फौजेकडे परत जा, पैसे देतो म्हणाला. याने नकार दिला. मग कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख चेन दुशिउ याच्याकडे गेला आणि मला सभासद करून घ्या म्हणाला. चेनने या माजी सरदाराकडे पाहिलं आणि वाटेला लावलं. झू देने जहाज पकडून थेट युरोप गाठलं. ऑक्टोबर 1922 मध्ये बर्लिनला चौ एन-लायच्या, पुढे चीनचा पंतप्रधान झालेल्या माणसाच्या, दारात उभा राहिला. चौ तेव्हा चोवीस वर्षांचा. त्या तरुणापुढे खुर्चीवर न बसता उभ्यानेच त्याने आपली सगळी कहाणी सांगितली, अफू आणि सरदारकीसकट. पुढच्या महिन्यात त्याला पक्षात घेतलं, पण गुप्तपणे. मग गोटिंगेन विद्यापीठ, जर्मन पोलिसांची अटक, 1925 मध्ये हद्दपारी, मॉस्को, आणि 1926 मध्ये मायदेश.

1 ऑगस्ट 1927 चं नानचांगचं कम्युनिस्टांचं बंड चिनी सैन्याचा स्थापनादिन म्हणून पाळतात. आदल्या संध्याकाळी झू देकडे एक खास कामगिरी होती: विरोधी फौजेच्या अधिकाऱ्यांना जेवायला बोलवायचं आणि माजाँगच्या डावात गुंतवून ठेवायचं. त्याने ती चोख बजावली. बंड मात्र फसलं. दक्षिणेकडे माघार घेताना फौज विरघळत गेली, शेवटी आठशेच्या आसपास माणसं उरली. ती घेऊन एप्रिल 1928 मध्ये तो जिंगगांगला माओकडे पोचला. तिथून पुढे 'झू-माओ' असं जोडनाव पडलं आणि खेड्यापाड्यांत कित्येकांना ते एकाच माणसाचं नाव वाटायचं.

या जोडनावाखालच्या कुरबुरी मात्र छोट्या चरित्रात सहसा सापडत नाहीत. 1929 च्या जूनमध्ये चौथ्या लाल सेनेच्या पक्षबैठकीत माओ आघाडी समितीच्या चिटणीसपदावरून हटला, तो वाद सैन्यावर पक्षसमितीची पकड किती असावी यावरून झू देशीच होता. 1935 मध्ये लाँग मार्चच्या, म्हणजे लाल सेनेच्या लांबलचक माघारीच्या, वाटेवर झू दे वर्षभर माओच्या प्रतिस्पर्ध्याच्या, चांग गुओताओच्या, तुकडीबरोबर राहिला. अधिकृत भाषेत तो तिथे आतून झुंजत होता. आणि वू रुओलान. त्याची ही पत्नी 1929 च्या सुरुवातीला शत्रूच्या हाती सापडली, तिला मारून तिचं मुंडकं टांगलं गेलं. झू देला पुढे ऑर्किडचं वेड लागलं, त्याने त्यांच्यावर कविता केल्या. रुओलानमधल्या 'लान'चा अर्थ ऑर्किड, म्हणून लोक दोन्ही जोडतात. खरं काय ते त्यालाच ठाऊक.

त्याचं पहिलं मोठं चरित्र बाहेरच्या माणसाने लिहायला घेतलं. 1937 मध्ये अमेरिकन पत्रकार अ‍ॅग्नेस स्मेडली येनानला पोचली आणि त्याला म्हणाली, तुमची जन्मकथा सांगा. कशाला, असं त्याने विचारलं. तुम्ही शेतकरी आहात आणि चिनी शेतकऱ्याने आपली गोष्ट जगाला कधी सांगितलेली नाही, असं तिचं उत्तर. रात्री-रात्री बसून तिने टिपणं काढली. 1950 मध्ये ती वारली, पुस्तक आलं 1956 मध्ये. अफू, युद्धसरदार, बर्लिनचा तो प्रसंग, यातलं पुष्कळसं आज आपल्याला माहीत आहे ते तिच्यामुळे.

क्रांती जिंकली. 1955 मध्ये दहा मार्शल नेमले त्यात झू देचं नाव पहिलं. मग 1959 ची लुशानची पक्षबैठक. संरक्षणमंत्री पेंग देहुआईने माओच्या 'मोठ्या झेपे'वर, म्हणजे घाईघाईने उत्पादन वाढवण्याच्या मोहिमेवर, टीका केली आणि त्याच्यावर सगळे तुटून पडले. झू दे जुन्या सोबत्यावर बोलला, पण इतक्या मऊपणे, की माओने पाय वर उचलला आणि बुटावरून खाजवून दाखवलं: तुझं बोलणं असं, बुटावरून खाजवल्यासारखं! पेंग पदावरून गेला. झू देला जाहीर शिक्षा नाही, पण वजन कमी झालं.

1967 च्या जानेवारीत बीजिंगच्या भिंतींवर त्याच्याविरुद्ध पत्रकं लागली. तो 'काळा सेनापती' आणि 'महायुद्धसरदार' ठरला. कावड गेली ती याच सुमारास. तरी तो वाचला. राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची वाचला नाही. 1968 मध्ये पक्षाने त्याला फितूर म्हणून हाकललं, 12 नोव्हेंबर 1969 ला कायफेंगमध्ये बंदिवासात तो मेला आणि दुसऱ्याच नावाने दहन झालं. नोंदीत व्यवसाय: बेकार. पेंग देहुआई 1974 मध्ये गेला, त्याच्याही अस्थी खोट्या नावाने चेंगडूला पाठवल्या. पेंगने कैदेत चौकशीची उत्तरं म्हणून पानंच्या पानं लिहिली होती. 1981 मध्ये तीच आत्मचरित्र म्हणून छापली गेली. आरोपीचा जबाब पुढे स्मारकग्रंथ होतो, हे तिथेच घडू शकतं.

डिसेंबर 1973 मध्ये माओला झू दे व्हीलचेअरवर दिसला. लोक तुला काळा सेनापती म्हणतात, मी म्हणतो लाल सेनापती, असं तो सगळ्यांदेखत बोलला. झू-माओमधला 'झू' नसता तर 'माओ' कुठून आला असता, असंही म्हणाला. यात श्लेष आहे: चिनीत 'झू'सारखाच उच्चार डुकराच्या शब्दाचा, आणि 'माओ' म्हणजे केस. डुक्करच नाही तर केस कशावर उगवणार?

21 जून 1976 ला नव्वदीला टेकलेला झू दे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान फ्रेझर यांना भेटायला गेला. भेट लांबली होती, पण त्याला कुणी कळवलं नाही. थंडगार वातानुकूलित खोलीत ताटकळत बसला, सर्दी झाली, आणि 6 जुलैला गेला. माओ त्यानंतर दोन महिन्यांनी.

आज मिळतं ते चरित्र यानंतरच्या साच्यातलं आहे. पेंगचं पुनर्वसन डिसेंबर 1978 मध्ये, लिऊचं फेब्रुवारी 1980 मध्ये. 27 जून 1981 ला पक्षाने इतिहासावर ठराव केला: माओचं कर्तृत्व आधी, चुका नंतर. मग प्रत्येक नेत्याचा जीवनपट त्या ठरावाशी जुळवला गेला, आणि पक्षाच्या दस्तऐवज संशोधन कार्यालयाने तारीखवार नोंदी व चरित्रं काढली. ती माहितीने भरगच्च आहेत, हे मान्य करायला हवं. तारखा त्यांच्याकडूनच घ्याव्यात. मधली शांतता मात्र स्मेडलीकडून किंवा इतर कुठून भरून घ्यावी लागते.

झू देने स्वतःही दुसऱ्यांची चरित्रं लिहिली, दोन-चार ओळींची. त्यातलं एक आपल्या माणसाचं आहे. 1937 च्या अखेरीस जपानशी लढणाऱ्या कम्युनिस्टांच्या आठव्या सेनेचा सरसेनापती म्हणून त्यानेच नेहरूंना पत्र पाठवून वैद्यकीय मदत मागितली होती. 1938 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून पाच डॉक्टर निघाले. त्यांत नागपूरचे चोळकर होते आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस परतले नाहीत, 9 डिसेंबर 1942 ला हेबेई प्रांतातल्या खेड्यात बत्तिसाव्या वर्षी गेले. त्यांच्यासाठी झू देने ओळी लिहून दिल्या. त्यांची सुरुवात अशी, की हा गंगेच्या तीरावर वाढला आणि चीनच्या उत्तर आघाडीवर झुंजला. सोलापूरकराला गंगा कुठली, तिथे सीना आणि भीमा. पण दगडावर गंगाच आहे.